दुसऱ्याच्या नावाची पाटी

माणसाने मूर्खपणा करायचाच असेल तर तोंडाने करावा, म्हणजे तो वाऱ्यावर जातो. मी माझा पितळेवर घालून घेतला. दीड हात लांब, चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर घासूनपुसून लखलखीत. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, म्हणजे वयाचंही निमित्त सांगायला जागा नाही. नाशकात माझ्याइतकी चलाख बाई नाही अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती बाळगायला मला दुसऱ्या कुणाच्या दुजोऱ्याची गरज वाटत नसे.

सांगूनच टाकते. एका उमद्या माणसाकडून मला एक जागा हवी होती. सरळ त्याच्या घरी जाऊन "द्या" म्हणायचं, तर ते सोडून मी त्याच्याच दुकानात त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाची पाटी करायला टाकली. त्याला चेव यावा म्हणून. तो चिडेल, धावत येईल आणि म्हणेल, "त्याची कसली जागा घेता, माझी घ्या!" असा माझा हिशेब. ही युक्ती मी आधीही केली होती आणि दर वेळी लागू पडली होती. अंगात मस्ती येते ती अशीच.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिक्षिका होते आणि शाळा सुटली की पंचवटीतलं मुलींचं वसतिगृह बघत असे. वसतिगृह म्हणजे भाड्याचं दुमजली घर, खाली स्वयंपाक, वर झोपायच्या दोन लांबट खोल्या. ते आमच्या महिला मंडळाचं होतं. मंडळ म्हणजे आम्ही सहा जणी. त्यातल्या दोघींना दमा, दोघींना सासू, एकीला दोन्ही. उरले मी. मुली बावीस होत्या. पेठ, सुरगाणा, वणीच्या पलीकडचे पाडे, अशा ठिकाणच्या. तिकडे शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपायची, आणि शाळा संपली की पोरीचं लग्न. आमच्याकडे राहून त्या दहावीपर्यंत जायच्या. त्यांच्यातली एक सुरगाण्याकडची होती, काळीसावळी, हाडकुळी, डोळ्यांत सतत काहीतरी खोडी. तिच्या पाड्यावरून आठवीच्या पुढे गेलेली ती पहिली मुलगी. ही गोष्ट घडली तेव्हा ती नववीत होती. तिची दहावी एक वर्षावर आलेली, एवढं ध्यानात ठेवा.

आता शेठ. भांडी बाजारात त्यांचं दुकान होतं. तरुणपणी सायकलच्या मागे पितळेची भांडी बांधून ते थेट नामपूरच्या बाजारापर्यंत जात, जुनी मोड घेत, नवी भांडी देत. पुढे दुकान झालं, मग सातपूरला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. बुटके होते. चालायचे मात्र असे की रस्त्यात कुणी पुढे दिसला की यांची चाल आपोआप वाढायची. मग पुढचा माणूस पोस्टमन का असेना. त्याला मागे टाकून वळून बघायचे आणि नमस्कार करायचे. एकदा आमचे हे आणि शेठ वणीच्या गडाच्या पायऱ्या एकाच वेळी चढायला लागले. आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकून, आयुष्यात कधी कुणाशी शर्यत लावलेली नाही. तरी शेठ धापा टाकत वर पोहोचले आणि खाली ओरडून म्हणाले, "साहेब, पन्नास पायऱ्यांनी हरलात!"

हे म्हणाले, "मी खेळतच नव्हतो हो."

"हरणारा असंच म्हणतो," शेठ म्हणाले. त्यानंतर त्याच पायऱ्या अर्ध्या उतरून गेले आणि एका म्हातारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन पुन्हा वर आले. असा माणूस.

गरिबाच्या घरी लग्न निघालं की त्यांच्याकडची मोठी पातेली, पराती, घंगाळी फुकट जायची. परत आलेल्या भांड्याला पोचा पडलेला असला तरी ते बघायचेच नाहीत. एकच नियम होता. आपल्याकडे रिकामं भांडं कुणाच्या दारात पाठवू नये म्हणतात ना, तो त्यांनी अंगालाच लावून घेतला होता. त्यांच्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक भांड्यात ओंजळभर तांदूळ आणि गुळाचा खडा असायचा. पातेलं केवढंही असो, तळाशी ते तांदूळ आणि तो खडा. आमच्या मुली पातेलं आलं की आधी गुळासाठी त्यात डोकं घालायच्या.

आणि त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणजे मोटारपंपवाले शेठ. द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना पंप विकून मोठे झालेले. उंच, गोरे, बोलायला मवाळ. या दोघांचं नेमकं कशावरून जुंपलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांना स्वतःलाही नसावं. एकाने शाळेला घंटा दिली की दुसरा घड्याळ देणार. एका उन्हाळ्यात भांडीवाल्या शेठनी सीबीएससमोर, म्हणजे एसटी स्टँडसमोर, पाणपोई घातली. आठ दिवसांत रस्त्याच्या पलीकडे पंपवाल्यांची उभी राहिली, त्यात वाळ्याचं पाणी. मग इकडे पाण्यासोबत गूळ. मग तिकडे कैरीचं पन्हं. एसटीतून उतरणारी माणसं एकीकडे गूळ खाऊन दुसरीकडे पन्हं प्यायची आणि दोन्हीकडे सांगायची, "तुमचंच चांगलं हाय." मीही दोन्हीकडे प्यायचे. शाळेतून घरी जायचा माझा रस्ता तो नव्हता, तरीसुद्धा.

रविवारी भांडीवाले शेठ वसतिगृहावर यायचे, शेंगांची पिशवी घेऊन. एकदा मुली सागरगोटे खेळत होत्या. शेठनी विचारलं, "मला येतं. कोण खेळतं माझ्याशी?" सुरगाण्याची पुढे झाली. शेठ हरले. पुन्हा खेळले, पुन्हा हरले. सूर्य मावळला तरी उठेनात. शेवटी तीच म्हणाली, "काका, आमची प्रार्थना व्हायची हाय."

"एक डाव द्या मग जातो."

"देऊन काय उपयोग? हरणारच तुमी."

बाकीच्या मुलींनी तोंडावर हात ठेवले. शेठ मात्र खूश. पुढच्या रविवारी पुन्हा आले. नंतर त्यांच्या बायकोने मला सांगितलं, "अहो बाई, तुमच्या पोरींना आवरा. हे जेवण झालं की सागरगोटे घेऊन बसतात जमिनीवर. सून बघते, मला लाज वाटते." दोन वर्षं हा खेळ चालला. ती पोरगी त्यांना एकदाही जिंकू देत नव्हती, आणि मला वाटतं, तिने जिंकू दिलं असतं तर ते यायचे थांबले असते.

माझ्या युक्तीची सुरुवात झाली ती मात्र चुकून. पंपवाल्या शेठनी खरोखरच आमच्याकडे एक भाताचं पातेलं पाठवलं. नवं, पण नाव न घातलेलं. देणाऱ्याचं नाव भांड्यावर नसलं तर आमच्या अध्यक्षीणबाईंना झोप लागत नसे, म्हणून ते मी भांडी बाजारात नाव घालायला नेलं. नेलं भांडीवाल्यांच्याच दुकानात, कारण नाव घालायचं तर तिथल्या चाचांकडून. दाराशी चटईवर बसून छिन्नी आणि हातोडीने टिंबटिंब ठोकत ते अक्षर काढायचे, आणि ते अक्षर असं की आमच्या शाळेच्या फळ्यावर कुणाचं नसेल. शेठनी गल्ल्यावरून मान वर करून ते नाव वाचलं. दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून वसतिगृहावर दोन पातेली आली. दोन्ही त्याहून मोठी.

मी घरी आले ती उड्या मारतच. हे म्हणाले, "काय झालं?"

म्हटलं, "मला गुरुकिल्ली सापडली."

वर्ष सरलं आणि पाणी साठवायला भांडं हवं होतं. मागायची मला लाज वाटायची. म्हणजे लाज असं मी म्हणायचे, खरा होता तो ताठा. मी कुणापुढे हात पसरत नाही, याचा मला फार अभिमान. मग मी काय केलं, तर आमच्या घरची, सासूबाईंच्या माहेरून आलेली पितळी घागर उचलली आणि चाचांकडे नेली. "यावर घाला," म्हटलं, "पंपवाल्या शेठकडून सप्रेम भेट." चाचांनी घागर फिरवून फिरवून बघितली. खालचा झिजलेला तळ बघितला. मला म्हणाले, "बाई, नवी आहे?"

"नवीच की."

"अच्छा," म्हणाले आणि ठोकायला लागले.

तिसऱ्या दिवशी वसतिगृहावर दोन घागरी, एक हंडा आणि नळाची तोटी असलेली टाकी. तळाशी तांदूळ आणि गूळ. माझा आनंद गगनात मावेना. पण घागर घरी परत आणावी लागली, आणि सासूबाईंना ती विसळताना नाव बोटाला लागलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून यांना वाचायला लावलं. हे वाचून माझ्याकडे बघत राहिले. "आईच्या माहेरची घागर पंपवाल्याने कधी दिली?" मी सांगितलं, ते काहीतरी चुकून झालं. सासूबाई मरेपर्यंत प्रत्येक पाहुण्याला ती घागर दाखवून विचारत, "तुम्हाला काही ठाऊक आहे का हो, हा कोण माणूस?"

खाटा अशाच मिळाल्या. पंखेही. दर वेळी मी काहीतरी नवं नाटक रचायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. आज आठवलं की त्या बाईच्या दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटतं. पण ती मीच, आणि माझा हात आता तेवढा वर जात नाही.

मग घरमालक वारले. त्यांची मुलं मुंबईला. त्यांना ते घर पाडून तिथे फ्लॅट बांधायचे होते. परीक्षा होईपर्यंत थांबतो, म्हणाले. एप्रिल संपला की घर रिकामं पाहिजे. माणसं वाईट नव्हती. मी जागा शोधायला लागले. बावीस मुली म्हटलं की लोक आधी चहा द्यायचे आणि मग म्हणायचे, "पोरीबाळींची जोखीम आहे हो बाई." मुलींना मी काही सांगितलं नव्हतं, पण मुलींना सगळं कळतं. सुरगाण्याची एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, घर गेलं तर आमची दहावी?"

"घर जात नाही," मी म्हटलं. "माझ्या डोक्यात आहे एक."

माझ्या डोक्यात होतं भांडीवाल्या शेठचं गोदाम. गणेशवाडीत होतं, शाळेपासून दहा मिनिटांवर. माल सातपूरला हलल्यापासून रिकामंच. पक्क्या भिंती, पत्र्याचं छत, पुढे आवार, आवारात विहीर. मी चारपाच वेळा त्याच्या कुंपणावरून डोकावून खाटा कुठे लावायच्या तेसुद्धा ठरवलं होतं. मागायला किती वेळ लागला असता? आमच्या घरून शेठच्या घरी चालत पंधरा मिनिटं. तेवढाच.

पण मी गेले चाचांकडे. बोहारणीला जुने कपडे देऊन नाही, चांगली नवी पितळेची पाटी विकत घेऊन गेले. घरातून लपवत, पदराखाली. आणि चाचांना मजकूर दिला. वर पंपवाल्या शेठचं पूर्ण नाव, खाली "मुलींचे वसतिगृह". चाचांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, पक्कं झालं हे? दरवाजावर लावायचं?"

"पक्कं."

"सच्ची बात?"

"चाचा, तुम्ही नाव घाला ना."

गल्ल्यावर शेठ नव्हते, त्यांचा मुलगा बसलेला. वडिलांचं पोट बिघडलंय, म्हणाला. मी म्हटलं, बरं, उद्या वाचतील. घरी येऊन वाट बघायला लागले. हातगाडीची नाही, या वेळी तर शेठ स्वतः येणार होते. एक दिवस गेला, दोन गेले. मी दार लोटूनही घेत नव्हते. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी चाचा स्वतः आले, पाटी फडक्यात गुंडाळून. उघडून बघते तो काय, मी सांगितलेलंच नाही असं कोरीवकाम. चारी बाजूंनी पानाफुलांची वेल.

"ही वेल कुणी सांगितली?"

"शेठनी. बिस्तरावरून. म्हणाले, अच्छा करो, लडकियों का घर है." आणि मग म्हणाले, "तुम्हाला बोलावलंय."

शेठ खाटेवर होते. पोट बिघडलं म्हणजे काय ते मला दारातच कळलं. बुटका माणूस, पण एवढं लहान मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. चेहरा पिवळा, डोळे मात्र चमकत होते. मला म्हणाले, "या बाई, या. हरलो."

मी खाटेजवळच्या स्टुलावर टेकले.

"तुम्हाला खरं सांगू? गणेशवाडीचं गोदाम माझ्या मनात होतं तुमच्या मुलींसाठी. घरमालक गेले तेव्हापासून. म्हटलं बाई येतील, मागतील. बाई काही येईनात. आणि त्याने मधल्यामध्ये डाव मारला." ते हसले, हसताना पोटावर हात धरला. "पण गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदा हरून बरं वाटलं. पोरींची सोय झाली ना, बास. कुणी का करीना. आता गोदाम मी दवाखान्यात येणाऱ्या बाहेरगावच्या लोकांना देतो. रोगी आत आणि नातेवाईक झाडाखाली, बघवत नाही हो. सोमवारी वकील येतील सही घ्यायला."

त्या दिवशी शुक्रवार होता.

त्यांची बायको चहा घेऊन आली. मी बशी धरली. माझ्या जिभेवर होतं, शेठ, हे सगळं खोटं आहे. पंपवाल्यांना काही माहीतसुद्धा नाही. मुलींना जागा नाही. तीन वाक्यं. चहा निवेपर्यंत सांगून झाली असती.

शेठनी विचारलं, "आणि ती पोरगी? अजून जिंकते का सगळ्यांना?"

मी म्हटलं, "जिंकते."

"तिला म्हणावं, बरा झालो की येतो."

मी चहा प्यायले आणि उठले. पुढे बरीच वर्षं मी लोकांना सांगत असे की मरणाऱ्या माणसाचा आनंद हिरावून घ्यायला माझं मन धजेना. ऐकणारे डोळे पुसायचे. खोटं आहे ते. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. त्यांच्या बायकोसमोर, सुनेसमोर, ही एवढी शिकलेली बाई लबाड निघाली असं कळू नये, एवढंच. मनात म्हटलं, रविवारी येऊन एकटं गाठून सांगू.

रविवारी गेले. फाटकाशी दोन गाड्या उभ्या, अंगणात चपलाच चपला. पाहुणे आले होते. मी फाटकाची कडी हातात धरून उभी राहिले आणि परत फिरले. एवढ्या लोकांत कसं सांगणार! येताना वाटेत भाजी घेतली. मेथी होती, ती निवडत बसले. सोमवारी वकील आले. बुधवारी सकाळी शेठ गेले.

भांडी बाजार बंद होता. गंगेकाठच्या स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. मी आणि वसतिगृहाच्या मुली एका दुकानाच्या पायरीवर. समोरच्या गर्दीत कुणी बाई बोलत होती, "माझ्या तिन्ही पोरींची लग्नं यांच्या पातेल्यांत शिजली." दुसरी म्हणाली, "आमच्यात तेराव्यालाबी त्यांचीच पातेली." सुरगाण्याची माझ्या बाजूला होती. ती रडली नाही. तिच्या मुठीत सागरगोटे होते, ते एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता.

चाचांना मी आठवड्याने भेटले. दुकान उघडलं होतं, ते चटईवर बसले होते, पण समोर काम नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "वो घागर? शेठना तेव्हाच कळलं होतं. जुनी घागर, नवं नाव. दिवसभर हसले. म्हणाले, बाईंना मागायला जड जातं, देऊन टाका."

मी म्हटलं, "मग पाटी खरी कशी वाटली त्यांना?"

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत मी 'ढ' मुलीकडे बघत असे. "बाई, भांड्यावर लोक काहीही घालतात. दरवाजाच्या पाटीवर खोटं नाव कोण घालतं?"

मग मी पंपवाल्यांकडे गेले. पाटी बरोबर घेतली. म्हटलं, आता उरलंसुरलं नाक घेऊन काय करायचंय! पेढीवर बसले होते, दाढी वाढलेली. मी पाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि पहिल्यापासून सांगितलं. घागरीसकट. ते एकदा हसले. मग पाटीवरून हात फिरवला.

"हे त्याच्या दुकानात कोरलंय? माझं नाव?"

"वेल त्यांनी सांगितली."

त्यांनी वेलीच्या एका पानावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "तो असता ना, तर आज संध्याकाळच्या आत तुम्हाला जागा दिली असती मी. त्याच्या गोदामाच्या दुप्पट. त्याच्या घरावरून पाटी मिरवत नेली असती." पाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "आता कुणाला दाखवायला देऊ, बाई? माझं मनच लागत नाही. दुकानसुद्धा मुलाकडे देतोय."

मी विनवलं. खरंच विनवलं, हात जोडून. ज्या हातांचा मला एवढा अभिमान होता ते जोडले. त्यांनी बघतो म्हटलं. बघतो म्हणजे काय ते नाशकात लहान मुलालाही कळतं. त्या उन्हाळ्यात सीबीएससमोर एकही पाणपोई लागली नाही. उतारू यायचे, इकडे बघायचे, तिकडे बघायचे आणि हॉटेलात पाणी मागायचे. गणेशवाडीच्या गोदामात मात्र दवाखान्यातल्या लोकांच्या चुली पेटल्या. त्यांच्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. पण त्या रस्त्याने मी अजूनही जात नाही.

परीक्षा संपली. मुलींना न्यायला आईबाप येऊ लागले. कुणी ट्रंक डोक्यावर घेतली, कुणी गादीची वळकटी. चौघींची शहरात नातेवाइकांकडे सोय झाली, एकीला मी घरी ठेवून घेतलं, तिसऱ्या महिन्यात तिच्या बापाने तिला नेलं. सुरगाण्याचीलाच का नाही ठेवलंत, असं तुम्ही म्हणाल. मी तिच्या आईला तसं म्हटलं होतं. ती म्हणाली, "नगं बाई. तिथं वसतिगृह होतं, पोरी होत्या. एकटी कुणाच्या घरात ऱ्हायली तर लोक काय म्हणतील? पाव्हणे आले हायेत बघायला. जाऊ द्या. शिकली तेवढी लय झाली."

मी त्यांना एसटीवर सोडायला गेले. गाडीला वेळ होता. आई गाड्यांच्या फळ्यावर काय लिहिलंय ते विचारायला आत गेली, आणि तेवढ्यात मी त्या मुलीला सगळं सांगितलं. पाटी, शुक्रवार, चहा, रविवारची मेथी. पंधरा वर्षांच्या पोरीला का सांगावं? मला वाटतं, तिने मला चार शिव्या घालाव्यात असं मला हवं होतं. तिने घातल्या नाहीत. घागरीच्या गोष्टीला तिला हसू आलं. नंतर ती बराच वेळ आपल्या ट्रंकेच्या कडीशी खेळत बसली.

गाडी लागली. तिची आई आधी चढली, मग ट्रंक, मग ती. खिडकी मिळाली तिला. मी खाली उभी, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "रडू नकोस. मी जागा शोधतेय. घर मिळालं की पुन्हा सगळ्यांना बोलावते." तेव्हा मी ते मनापासून म्हणत होते. त्यानंतर दोन वर्षं शोधली. घर मिळालं नाही, मंडळही विस्कटलं. ती रडत नव्हतीच. गाडी सुरू झाली तशी तिने गजांतून हात बाहेर काढला आणि मोठ्याने म्हणाली,

"बाई, घर मिळालं की पत्र टाका. पण लवकर टाका हां, नायतर वाचायचं विसरून जाईन मी."